कोंड्याचा खोकला

माझी बायको बरी झाली, अशी साक्ष मी पालघरच्या मंडळीत उभा राहून दिली, तेव्हा ती बरी झालेली नव्हती. त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावरही मी पाच महिने गप्प राहिलो. त्या पाच महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे. आजवर ते मी एकदाच बोललो आहे, तेही घाईत.

आम्ही मूळचे नगरकडचे. तारापूरला विजेच्या केंद्राचं मोठं काम निघालं, आणि तिथल्या एका ठेकेदाराकडे मला स्टोअरमध्ये कारकुनाची नोकरी मिळाली. राहायला बोईसरला, पत्र्याच्या छपराच्या ओळीतली एक खोली. सकाळी ठेकेदाराचा ट्रक यायचा, त्यात उभं राहून तारापूरला जायचं. ओळीत सातारा-कोल्हापूरकडची माणसं होती. ख्रिस्ती घर आमचं एकच. म्हणून रविवारी उपासनेला आम्ही गाडीने पालघरला जात असू.

तिथे एका भातगिरणीच्या मागची लांबट खोली मंडळीने भाड्याने घेतली होती. आठ-नऊ कुटुंबं जमायची. पाळकसाहेब बाहेरगावाहून महिन्यातून एकदा यायचे आणि त्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं. गिरणी रविवारीही चालू असायची. खिडकी उघडली की कोंडा आत यायचा, बाकांवर आणि बायबलांवर त्याचा बारीक थर बसायचा. गीत म्हणताना कुणाला ना कुणाला खोकला यायचाच. त्याची सगळ्यांना इतकी सवय होती की कोणी मान वळवूनही बघत नसे.

बोईसरला आल्यावर वर्षाच्या आत बायकोला क्षय निघाला. डॉक्टरांनी रोजची सुई सांगितली, गोळ्या सांगितल्या, कडू भुकटीच्या पुड्या सांगितल्या. सुई तीन महिने आणि बाकीचं औषध दीड वर्ष, असं त्यांनी बजावलं. आमची मुलगी पाच वर्षांची होती. तिला माझ्या आईकडे नगरला पाठवून दिलं. बायको रोज सकाळच्या गाडीने पालघरला जाऊन सुई घेऊन यायची. मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना सुरू केली. मंडळीत एक वयस्कर विधवा बाई होत्या. घरोघर फिरून बायकांना वचन सांगायच्या, म्हणून त्यांना बायबलबाई म्हणत, आणि सगळे हाक मारताना आत्या म्हणत. त्या दर शुक्रवारी माझ्या बायकोसाठी उपास धरायच्या.

चार महिन्यांत खोकला थांबला. तिच्या गालांवर मांस आलं, बांगड्या पुन्हा हाताला बसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "सुधारणा चांगली आहे." मी त्याचा अर्थ बरी झाली असा घेतला.

त्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. आमच्याकडे ही पद्धत आहे. ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्याने उठून सांगायचं, म्हणजे इतरांचा विश्वास वाढतो. मी म्हणालो, "डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलं होतं. प्रभूने चार महिन्यांत केलं." लोकांनी आमेन म्हटलं. आत्यांनी डोळे पुसले. मी कारकून माणूस, चारचौघांत माझ्या बोलण्याकडे कधी कोणी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी खोलीतला प्रत्येक माणूस माझ्याकडे बघत होता. मला ते फार आवडलं, हे आता कबूल करतो.

परतीच्या गाडीत बायकोने विचारलं, "गोळ्या घ्यायच्याच ना अजून?"

"कशाला?"

"डॉक्टर म्हणाले होते, दीड वर्ष."

"अगं, साक्ष दिलीय मी आताच. तू उद्या गोळी घेणार म्हणजे मी काय खोटं बोललो?"

"साक्ष तुम्ही दिलीत," ती हसून म्हणाली, "फुप्फुसं माझी आहेत."

मी हसलो नाही. मी म्हणालो, "तुझा विश्वास कमी पडतोय का?"

एवढंच. औषध बंद कर असं मंडळीतल्या कोणीही म्हटलं नव्हतं. पाळकसाहेब तर औषधाला देवाचीच देणगी म्हणायचे. तो प्रश्न माझा होता. तिने खिडकीबाहेर बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांची बाटली ट्रंकेत गेली. पुढच्या महिन्यात मी नगरला जाऊन मुलीला घेऊन आलो.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि खोकला परत आला. पहिल्यांदा तो मी उपासनेत ऐकला. दोन कोरडे ठसके. मी मनात म्हणालो, कोंडा. दुसऱ्या रविवारी पुन्हा. मी खिडकी लावून घेतली. मग तो घरी यायला लागला. संध्याकाळी ती भाकरी थापताना, मुलीची वेणी घालताना. मी जेवत असलो की ती उठून मागच्या दाराशी जायची.

शेजारची साताऱ्याकडची वहिनी. तिचा नवराही साइटवरच कामाला होता. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये विटांची एकेरी भिंत. एका संध्याकाळी मी ट्रकमधून उतरून घरी येत होतो, तेव्हा तिने मला ओट्यावरूनच गाठलं.

"भावजी, वैनींचा खोकला वाढलाय वं."

"कोंडा बसलाय घशात. गिरणीचा."

"गिरणी पालघरात. खोकला बोईसरात." तिने कमरेवर हात ठेवले. "कोंडा काय गाडीत बसून येतो व्हय? तिकीट काढून?"

मी हसल्यासारखं केलं आणि आत गेलो. आत फळीवर तीन पेले होते. त्यांतल्या एकाच्या गळ्याला पांढरा दोरा बांधलेला होता. मी तो हातात घेतला तेव्हा बायको पटकन म्हणाली, "तो माझा. तुम्ही त्यातून पिऊ नका." मुलगी तिच्या अंगावर चढायला गेली की ती तिला पाठीवर घ्यायची, तोंडासमोर येऊ द्यायची नाही. मुलीचं अंथरूण तिने कधीच दाराशी हलवलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मुलीला परत पाठवावं लागलं असतं, बायकोला ते नको होतं. माझं कारण वेगळं होतं.

मला भीती वाटत होती. ती मरेल ही भीती होतीच. पण तिच्या पुढे दुसरी एक भीती उभी होती. चार महिन्यांत प्रभूने केलं, असं मी मंडळीला सांगितलं होतं, स्टोअरमध्ये सांगितलं होतं. एक उत्तरेकडचा फिटर मला रोज विचारायचा, "क्यों बाबूजी, भाभीजी एकदम ठीक?" आणि मी म्हणायचो, "एकदम." आता मी काय सांगू? देवाने बरं केलं आणि मग काढून घेतलं? की त्याने केलंच नव्हतं? मला वाटायचं, माझ्या तोंडून सत्य बाहेर पडलं तर देवच खोटा पडेल. मी त्याची अब्रू राखतोय असं मी स्वतःला समजावत होतो.

सकाळी ट्रकमध्ये फळी धरून मी डोळे मिटायचो. बाजूला माणसं तंबाखू मळत, एकमेकांच्या आयामायांवरून विनोद करत, आणि मी ओठ न हलवता प्रार्थना करायचो. ती प्रार्थना काय होती ते मला अजून शब्दशः आठवतं. "प्रभू, मला खोटा पाडू नकोस." तिला बरं कर, हे शब्द त्यात नव्हते, हे माझ्या लक्षात यायला कित्येक वर्षं गेली. घरी आल्यावर दार उघडण्याआधी मी बाहेर थांबून कान द्यायचो. आत शांत असलं की वाटायचं, ऐकलं त्याने. तेवढ्यात ठसका यायचा.

नाताळानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आम्ही गुडघे टेकून ओळीने बसायचो आणि पाळकसाहेब एकच पेला प्रत्येकाच्या ओठांना लावत पुढे जायचे, मध्ये कापडाने काठ पुसायचे. माझ्या बायकोच्या आधी आत्या होत्या आणि तिच्या नंतर एक गरोदर मुलगी. पेला बायकोसमोर आला. तिने पदर तोंडावर धरला आणि मान हलवली. पाळकसाहेब क्षणभर थांबले. त्यांना वाटलं असेल, तिला कळलं नाही. त्यांनी पेला आणखी जवळ नेला. तिने हाताने तो हळूच बाजूला केला. मग तो पुढे गेला.

आमच्यात पेला नाकारणं साधी गोष्ट नाही. मनात कबूल न केलेलं पाप असेल तरच माणूस नाकारतो, असं सगळे धरून चालतात. ती का नाकारते हे मला त्याच क्षणी कळलं. माझा पेला मी घेतला.

पुढच्या आठवड्यात आत्या बोईसरला आल्या. त्या खाली सतरंजीवर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"पोरी, मनात काय हाय त्ये सांग. मंडळीत बाया बोलाया लागल्यात."

"काय बोलतात?"

"तू भगताकडं गेली व्हतीस म्हनं. हितं जंगलपट्टीत लई भगत हायेत. कोंबडं कापलंस का काय?"

बायकोला हसू आलं. हसताना ठसका आला, तो तिने पदरात दाबला. "नाही आत्या. कोंबडं मिळालं असतं तर आम्ही खाल्लं असतं."

"मग कंचं पाप?"

"पाप आहे, आत्या. पण ते माझ्या एकटीचं नाही, म्हणून मला सांगता येत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं ते आत्यांनी. मी चहाला दूध आणतो म्हणून उठलो. दूध घरात होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो आणि तिथे बराच वेळ उभा राहिलो. चिंचणीची कोळीण टोपली उतरवून बसली होती. ती मला म्हणाली, "दादा, तुजी बाय सुकत चाललीय. बोंबील घे ताजं, पन आदी दवाखान्यात ने तिला." ती आमच्याकडे आठवड्यातून दोनदाच यायची. तिलाही दिसत होतं.

पाळकसाहेबांनी त्यानंतर तिला निरोप पाठवला, मन मोकळं होईपर्यंत प्रभुभोजनाच्या मेजाला येऊ नये. निरोपात राग नव्हता, रीत होती. ती पुढच्या दोन प्रभुभोजनांना मागच्या बाकावर बसून राहिली. बायका तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या. तिला ते बरंच वाटत असणार, कारण त्यामुळे तिच्याजवळ कोणाचं मूल येत नव्हतं. आणि मी पुढच्या बाकावर. उभा राहून एक वाक्य बोललो असतो तर ती सुटली असती. दर रविवारी मी ठरवायचो, आज. साक्षीची वेळ आली की मी बायबलवरचा कोंडा पुसत बसायचो.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी अर्ध्या दिवसाने परतलो, तर ओळीतल्या बायका विहिरीपाशी गोळा झालेल्या. माझी बायको कट्ट्यावर बसली होती. तिच्या लुगड्यावर आणि खालच्या फरशीवर रक्त होतं. शेजारच्या वहिनीने तिला पाठीमागून धरलं होतं. मुलीला कोणीतरी आत नेलं होतं, तिचं रडणं ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "आज शनिवार. उद्या मंडळीत सगळे मिळून प्रार्थना करू, मग सोमवारी..."

"भावजी," वहिनी म्हणाली, "गाडी कितीची हाय तेवढं सांगा. न्हायतर मी एकटी नेते."

बायको मान वर करून माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त वाट बघत होती, मी काय म्हणतो त्याची.

आम्ही तिला पालघरला नेलं. डॉक्टरांनी जुना कागद काढला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. औषध कधी सोडलं ते विचारलं. मी खरा महिना सांगितला. कोणी सोडायला सांगितलं, असं विचारलं. मी म्हणालो, "मी."

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मध्येच सोडलं की रोग औषधाला सरावतो. आता ही सुई लागू पडेल असं वाटत नाही. मुंबईला पाठवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी मंडळीत उभा राहिलो. पाळकसाहेब त्या रविवारी नव्हते. गिरणी चालू होती, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. मी म्हणालो, "मी दिलेली साक्ष मी मागे घेतो. माझी बायको बरी झाली नव्हती. औषध मी बंद करायला लावलं. तिला खोकला आला तेव्हा मी कोंडा म्हणालो. तिने पेला घेतला नाही, तो तुम्हाला लागण होऊ नये म्हणून."

एक निवृत्त मास्तर डोळे मिटून बसले होते. ते सवयीने "आमेन" म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. मग आत्या उठल्या.

"खोकत व्हती म्हनून नाकारला तिनं?"

"हो."

"आनि तुला ठावं व्हतं?"

"हो."

त्या परत खाली बसल्या. थोड्या वेळाने पदराआडून त्यांचा आवाज आला, "अन् आमी तिला भगताकडं धाडलं." त्या माझ्याशी पुढे वर्षभर बोलल्या नाहीत. पण मुंबईच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा, मला न विचारता, जाऊन यायच्या.

मुलगी नगरला परत गेली. बायको त्या दवाखान्यात चौदा महिने होती. मी रविवारी दुपारी जायचो. वीस-बावीस खाटांची लांब खोली, उंच खिडक्या. मी स्टुलावर बसून तिचा हात धरायचो, हळू आवाजात म्हणायचो, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आमेन," आणि उठायचो. मला वाटत होतं मी आता नम्र झालो आहे. खरं म्हणजे मी मागायलाच घाबरत होतो. मागितलं आणि मिळालं नाही तर काय होतं, ते मी एकदा भोगलं होतं.

एका रविवारी तिने माझा हात सोडला नाही.

"तुम्ही माझ्यासाठी मागत नाही आताशा."

"मागतो की."

"नाही. तुझ्या इच्छेप्रमाणे म्हणता आणि निघता. अर्जावर सही केल्यासारखं."

मी उठायला बघितलं, तिने हात ओढून बसवलं.

"मी मागते," ती म्हणाली. "रोज मागते. पोरीकडे जायचंय म्हणते. तो काही बोलत नाही."

"मग?"

"मग काय, परत मागते. तो गप्प बसला म्हणून मी पण बसू? ते तुम्हाला जमतं. मला नाही जमत."

असं बोलून तिने माझ्याकडे बघितलं, मला किती लागलं ते. मग तिला थोडं हसू आलं. "मागा आता. मोठ्याने. पलीकडच्या बाईला ऐकू जाऊ दे."

"आणि तू बरी झाली नाहीस तर? तिच्यासमोर?"

"तर नाही झाले. ती काय तुम्हाला धरायला येणार आहे? ती स्वतःच उठू शकत नाही."

मी स्टुलावरून उतरून खाटेशी गुडघे टेकले. मी मोठ्याने म्हणालो, "प्रभू, हिला बरं कर. हिला घरी यायचंय. आम्हाला फार भीती वाटते. हिला बरं कर." पुढे मला सुचलं नाही, म्हणून तेच पुन्हा म्हणालो. आजूबाजूचं बोलणं थांबलं होतं. पलीकडच्या खाटेवरची बाई आमच्या धर्माची नव्हती. तिने चादरीबाहेर हात काढून जोडले होते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा तसंच मागितलं. त्याच्या पुढच्या रविवारी बायकोला बोलता येत नव्हतं. तिने बोटाने खाली दाखवलं, गुडघे टेका म्हणून. बुधवारी ती गेली.

औषध सोडलं नसतं तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. देवालाही विचारलं आहे, पुष्कळदा. मुलीला आजार लागला नाही, ती आता स्वतः आई आहे. गेल्या महिन्यात तिच्या तान्ह्या मुलीला ताप भरला आणि तिने मला कळवलं. मी लगेच उत्तर पाठवलं, आधी डॉक्टरकडे जा. मग दार लावून गुडघे टेकले आणि मोठ्याने मागितलं. ताप उतरला असं पत्र आलं. मंडळीतल्या एकाने मला सुचवलं, ह्या रविवारी साक्ष द्या. मी नाही म्हटलं. अजून औषध चालू आहे, म्हटलं, आणि मी अजून मागतोच आहे.